एका कृमीचा कुलवृत्तांत

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात एक जाडजूड पुस्तक असते. पुठ्ठ्याची बांधणी, कडा पिवळ्या पडलेल्या, वर घराण्याचे नाव आणि खाली ‘कुलवृत्तांत’. मूळ गाव कोकणातले किंवा घाटावरचे. मग अमुक पिढीत कोणी होळकरांच्या पदरी इंदूरला आले, कोणी शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरला, कोणी गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला. छापील पुस्तक नसेल तर निदान कोणा आजोबांनी हाताने काढलेला वंशवृक्ष तरी असतोच. तो उघडून पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. काही नावांपुढे दोन-दोन पाने मजकूर असतो, काहींपुढे ‘बालपणी वारले’ एवढेच. कित्येक जागा तर कोऱ्याच असतात. मुलींची नावे कोणी लिहिलेली नसतात. एखादी शाखा परगावी गेली आणि तिचा पत्ताच लागला नाही, असेही असते.

वाचकहो, आज मी तुम्हाला अशा एका कुलवृत्तांताची ओळख करून देणार आहे, की ज्यात एकही जागा कोरी नाही. मूळ पुरुष एकच. त्याच्यापासून १०९० जण जन्माला आले, १३१ जण लवकर गेले, ९५९ उरले. प्रत्येकाचा जनक कोण, जन्म कोणत्या वेळी झाला, तो पुढे काय झाला, हे सारे नोंदलेले आहे. हे घराणे माणसाचे नाही. ते आहे एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीच्या शरीरातल्या पेशींचे. आणि ते लिहिण्यात ज्याच्या डोळ्यांचा सर्वांत मोठा वाटा आहे, तो जॉन सल्स्टन हा इंग्रज शास्त्रज्ञ. त्याने ते कसे लिहिले, आणि लिहून झाल्यावर त्या वहीचे काय केले, या दोन्ही गोष्टी मला सांगायच्या आहेत. कारण दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्यापर्यंत येऊन पोचते.

कृमी कोणता?

‘सूत्रकृमी’ हा शब्द शेतीशी संबंध असलेल्या घरांत नवा नाही. डाळिंबाच्या किंवा टोमॅटोच्या मुळांवर गाठी धरवणारा कृमी त्याच गटातला, आणि मुलांना होणारे जंतही त्याच गटातले. आपला कृमी मात्र निरुपद्रवी आहे. तो कोणाच्या पोटात राहत नाही की मुळांत शिरत नाही. कुजणाऱ्या फळांत, पालापाचोळ्याच्या खतात राहतो आणि तिथले जिवाणू खातो. त्याचे शास्त्रीय नाव सीनोरॅब्डायटिस एलेगन्स. यातल्या ‘एलेगन्स’चा अर्थ डौलदार. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची वळणे घेत जाण्याची चाल पाहिली की हे नाव पटते.

सिडनी ब्रेनर या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १९६३च्या सुमारास हा प्राणी हेरला. एका पेशीपासून अख्खा प्राणी कसा घडतो आणि त्यात जनुकांचा हात किती, हा त्याचा प्रश्न होता. त्यासाठी त्याला असा प्राणी हवा होता, की ज्याच्या पेशी मोजता येतील आणि ज्याची प्रजा झटपट वाढेल. हा कृमी दोन्ही कसोट्यांना उतरला. अंड्यापासून अंडी घालण्याइतका मोठा व्हायला त्याला तीन-चार दिवस पुरतात. बहुतेक कृमी उभयलिंगी असतात, म्हणजे एकटा कृमीही वंश पुढे चालवतो. आणि मुख्य म्हणजे तो जन्मभर पारदर्शक असतो. त्याला न कापता, न मारता त्याच्या आत पाहता येते. इंग्लंडमधल्या केंब्रिज येथील रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ब्रेनरने त्याची पैदास सुरू केली. १९७४ साली त्याने या कृमीच्या आनुवंशिकीवरचा मूळ प्रबंध प्रसिद्ध केला.

रसायनशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाकडे वळतो

सल्स्टनचा जन्म २७ मार्च १९४२चा. वडील धर्मोपदेशक, आई इंग्रजीची शिक्षिका. लहानपणापासून वस्तू उघडून पाहण्याचा, जोडण्याचा नाद. शिक्षण केंब्रिजला झाले ते रसायनशास्त्राचे, आणि १९६६ साली पीएच.डी. मिळाली तीही डीएनएचे छोटे तुकडे प्रयोगशाळेत घडवण्याच्या कामासाठी. मग काही काळ अमेरिकेत, पृथ्वीवर जीवसृष्टी सुरू होण्यापूर्वी रसायने कशी जुळली असतील या प्रश्नावर काम केले. १९६९ साली तो ब्रेनरच्या गटात आला तेव्हा प्राणिशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्याच्या गाठीशी नव्हते. हात मात्र कुशल होते आणि बैठक विलक्षण होती. कृमी गोठवून वर्षानुवर्षे ठेवायचे आणि हवे तेव्हा पुन्हा जिवंत करायचे, याची रीत त्यानेच बसवून दिली.

त्या काळच्या पुस्तकांत असे लिहिलेले असे, की सूत्रकृमी अंड्यातून बाहेर पडतो तेव्हाच त्याच्या पेशींची संख्या जवळपास पुरी झालेली असते. पुढे त्या फक्त आकाराने वाढतात. सल्स्टनने नुकत्याच जन्मलेल्या अळीच्या आणि प्रौढ कृमीच्या पोटाकडच्या चेतारज्जूतल्या पेशी मोजल्या. प्रौढात त्या कितीतरी जास्त निघाल्या. मग मधल्या काळात त्या कुठून आल्या? याचे उत्तर मिळवायचा एकच सरळ मार्ग होता: बसून पाहायचे.

पण जिवंत, वळवळणाऱ्या अळीतली एकेक पेशी पाहायची कशी? नोमार्स्की पद्धतीची भिंगरचना वापरली, तर रंग न देताही पारदर्शक पेशीचे केंद्रक उठावदार दिसते. सल्स्टनने काचेवर खळीसारख्या अगरचा पातळ थर दिला, त्यावर जिवाणूंचा छोटा ठिपका ठेवला, अळी सोडली आणि वर झाकणकाच ठेवली. अन्न समोर असल्यावर अळी फार लांब जात नाही, चरत राहते. आणि सल्स्टनला पेशी दुभंगताना दिसू लागल्या. एकीच्या दोन, दोनांच्या चार. एक इकडे सरकली, एक तिथेच थांबली. दुसरी अळी पाहिली, तिसरी पाहिली. प्रत्येक वेळी तोच क्रम, जवळपास त्याच वेळा.

१९७४ साली रॉबर्ट हॉर्विट्झ हा अमेरिकन तरुण त्याच्या जोडीला आला. दोघांनी मिळून अंड्यातून बाहेर आल्यानंतरच्या पेशींची वंशावळ तयार केली; ती १९७७ साली प्रसिद्ध झाली. जननेंद्रियांच्या पेशींची शाखा जुडिथ किंबल आणि डेव्हिड हर्श यांनी पुरी केली. राहिला होता तो सर्वांत अवघड भाग: अंड्याच्या आतला.

दीड वर्ष, दिवसातून दोनदा

अंड्याच्या आत गर्भ घडायला चौदा-एक तास लागतात. एका पेशीपासून पाचशेहून अधिक पेशी, त्याही मुंगीच्या डोक्याहून लहान जागेत, एकीवर एक रचलेल्या. भराभर दुभंगणाऱ्या, जागा बदलणाऱ्या. चित्रफितीवर टिपून नंतर निवांत पाहावे, तर त्या काळच्या यंत्रांना तेवढे बारकावे पकडता येत नव्हते. माणसाचा डोळा आणि कागद-पेन्सिल यांखेरीज इलाज नव्हता.

सल्स्टनने स्वतःला एका लहान खोलीत कोंडून घेतले. दररोज चार-चार तासांच्या दोन बैठका, आणि हे सुमारे दीड वर्ष. डोळा भिंगाला, हात कागदावर. एका बैठकीत सगळ्या पेशी पाहणे कोणालाच शक्य नव्हते. म्हणून तो एका गर्भात चार-दोन पेशींचा पाठलाग करी, दुसऱ्या गर्भात पुढच्या. असे शेकडो तुकडे जोडून एक वंशवृक्ष झाला. एरवी ही लबाडी ठरली असती. तुमच्या घराण्याची अर्धी वंशावळ आणि माझ्या घराण्याची अर्धी एकत्र शिवली तर काय होईल? पण या कृमीत प्रत्येक गर्भाची वंशावळ तीच असते, म्हणून हे चालते. जर्मनीतले आयनहार्ड शिएरेनबर्ग आणि केंब्रिजमधले जॉन व्हाइट व निकोल थॉमसन यांच्या जोडीने हे काम १९८३ साली छापून आले. कोणत्याही प्राण्याची फलित अंड्यापासून प्रौढापर्यंतची सबंध पेशी-वंशावळ हाती येण्याची ती पहिलीच वेळ.

आता त्या वृत्तांतात काय लिहिले आहे ते पाहू. काही पेशी पुढे एकमेकींत मिसळून जातात, म्हणून शास्त्रज्ञ मोजदाद केंद्रकांची करतात. आपण सोयीसाठी पेशीच म्हणू. गर्भात ६७१ पेशी जन्मतात, त्यांपैकी ११३ तिथेच मरतात, आणि ५५८ पेशींची अळी बाहेर येते. पुढे वाढ पुरी होईपर्यंत उभयलिंगी कृमीत, प्रजननपेशी वगळता, ९५९ पेशी होतात. त्यांतल्या ३०२ चेतापेशी.

आपल्याला वाटेल, की स्नायूंचे एक घराणे असेल, त्वचेचे दुसरे, मेंदूचे तिसरे. आतड्याच्या बाबतीत तसे आहेही. त्याच्या सगळ्या पेशी एकाच पूर्वज पेशीच्या. इतरत्र मात्र चित्र मिसळीचे आहे. एकाच पेशीच्या दोन लेकींपैकी एक चेतापेशी होते, तर दुसरी भलत्याच कामाला लागते. आणखी एक शंका मनात येते: क्रम इतका ठरलेला आहे, तर प्रत्येक पेशी जन्मतःच आपले नशीब घेऊन येते काय? लेसरच्या सूक्ष्म झोताने एखादी पेशी जाळून शेजारणीचे काय होते ते पाहिले, तेव्हा उत्तर मिळाले. पुष्कळ पेशी आपापल्या वंशानुसार वागतात. पण काहींचे भवितव्य शेजाऱ्यांच्या निरोपावर ठरते. कुळ आणि शेजार, दोन्हींचा वाटा आहे.

‘बालपणी वारले’

वृत्तांतातली सर्वांत महत्त्वाची नोंद त्या १३१ पेशींची ठरली. त्या जन्मतात, आणि बहुतेक जणी तासाभरात आकसतात, गोल होतात, शेजारच्या पेशी त्यांना गिळून टाकतात. हा अपघात नव्हे. प्रत्येक कृमीत त्याच १३१ पेशी, त्याच वेळी मरतात. म्हणजे मरण हा घडणीचाच भाग. मूर्तिकार नुसती माती लावत नाही, ती काढतोही. आपल्या बोटांची कथा हीच आहे: आईच्या पोटात हात आधी वल्ह्यासारखा असतो, मधल्या पेशी मरतात तेव्हा बोटे सुटी होतात.

पेशी अशा ठरवून मरतात हे आधीही काही जणांनी पाहिले होते. पण कोणती पेशी केव्हा मरणार हे नेमके ठाऊक असल्यावर नवा प्रश्न विचारता येऊ लागला: जिने मरायला हवे होते ती जगली, असा कृमी सापडेल काय? हॉर्विट्झने अमेरिकेत परतल्यावर असे कृमी शोधले. मरणाचा आदेश बजावणारी जनुके त्याच्या प्रयोगशाळेने १९८६ साली दाखवून दिली, आणि मग तो आदेश रोखून धरणारे जनुकही सापडले. माणसात बीसीएल-२ नावाचे एक जनुक आहे. लसिकापेशींच्या एका कर्करोगात ते बेसुमार काम करते आणि मरायला हव्यात त्या पेशींना मरू देत नाही. १९९२ साली हे माणसाचे जनुक कृमीत घालून पाहिले, तर कृमीच्या पेशींचे मरणही थांबले! कृमी आणि माणूस यांचे रस्ते कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी दोघांच्या घरात ही एक जुनी रीत तशीच चालू आहे. बीसीएल-२ला अडवणारे औषध आज रक्ताच्या काही कर्करोगांवर वापरले जाते.

वही कोणाची?

आता दुसरी गोष्ट. कृमीवर काम करणारे लोक सुरुवातीला मूठभर होते. त्यांनी १९७५पासून ‘वर्म ब्रीडर्स गॅझेट’ नावाचे एक साधे पत्रक चालवले. अजून प्रसिद्ध न झालेले निष्कर्ष, युक्त्या, फसलेले प्रयोग, सगळे त्यात यायचे. कोणी विचारले की आपल्याकडचे कृमी टपालाने पाठवायचे, अशी रीत होती. आपल्या जुन्या मंडळांची हस्तलिखिते आणि फिरती वाचनालये आठवून पाहा. वळण साधारण तेच.

वंशावळ झाल्यावर सल्स्टनने ॲलन कोल्सन याच्यासह कृमीच्या सबंध डीएनएचा नकाशा हाती घेतला. अमेरिकेतला रॉबर्ट वॉटरस्टन त्यांना येऊन मिळाला. नकाशा पुरा होईपर्यंत थांबायचे आणि मग नावानिशी छापायचे, ही रूढ पद्धत त्यांनी सोडली. जेवढा झाला तेवढा नकाशा सगळ्यांना खुला. कोणाला आपल्या जनुकाची जागा शोधायची तर तो त्यातून शोधी, आणि मिळालेली माहिती परत कळवी. देणाऱ्याचे काही कमी झाले नाही. उलट नकाशा लवकर भरत गेला. १९९० साली अक्षरे वाचण्याचे काम सुरू झाले आणि डिसेंबर १९९८मध्ये कृमीच्या डीएनएतली ९ कोटी ७० लाख अक्षरे जगापुढे आली. त्यात १९ हजारांवर जनुके. बहुपेशीय प्राण्याचा डीएनए असा वाचला गेला तो पहिल्यांदाच.

पण तोवर प्रश्न कृमीपुरता उरला नव्हता. कृमीचे वाचता येते तर माणसाचेही येईल, हे व्यापाऱ्यांनाही दिसले होते. १९९२ साली एका धनिक अमेरिकन गुंतवणूकदाराने सल्स्टन आणि वॉटरस्टन यांना खासगी कंपनीत येण्याचे निमंत्रण दिले. त्यांनी ते नाकारले. त्याच वर्षी सल्स्टन केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन येथे उभ्या राहणाऱ्या सँगर केंद्राचा प्रमुख झाला. वेलकम ट्रस्ट आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी त्याचा खर्च उचलला. फेब्रुवारी १९९६मध्ये बर्म्युडा बेटावर मानवी डीएनए वाचणाऱ्या गटांची बैठक झाली. तिथे सल्स्टन आणि वॉटरस्टन यांच्या पुढाकाराने कृमीवाल्यांची रीत साऱ्यांनी मान्य केली: हजार अक्षरांहून लांब मजकूर जुळला की तो शक्यतो चोवीस तासांत सर्वांसाठी खुला करायचा, त्यावर पेटंट मागायचे नाही.

१९९८ साली क्रेग व्हेंटरच्या सेलेरा कंपनीने हेच काम अधिक वेगाने करून दाखवण्याची घोषणा केली. माहिती वर्गणीदारांना विकायची आणि काही जनुकांवर पेटंट घ्यायचे, असा तिचा बेत होता. या कंपनीमुळे कामाला गती आली हे मान्य केलेच पाहिजे. पण सार्वजनिक प्रयत्न त्या वेळी गुंडाळला गेला असता, तर तुमच्या-माझ्या शरीरात लिहिलेला मजकूर वाचायला संशोधकांना पैसे मोजावे लागले असते. तसे झाले नाही. २६ जून २००० रोजी मानवी जनुकसंचाचा कच्चा मसुदा जाहीर झाला. सार्वजनिक बाजूचे सुमारे एक तृतीयांश काम सँगर केंद्राने केले होते, आणि त्यातले अक्षरन् अक्षर सर्वांना मोफत होते.

सल्स्टनचे म्हणणे साधे होते. एखाद्याने औषध शोधले, यंत्र बनवले, तर त्यावर त्याने जरूर हक्क सांगावा. ते त्याने निर्माण केलेले आहे. जनुक कोणी निर्माण केलेले नाही. ते फक्त कोणीतरी आधी वाचले. स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या दोन जनुकांवर एका अमेरिकन कंपनीने पेटंट घेतले, तेव्हा साध्या तपासणीचा खर्चही वाढला आणि दुसऱ्या प्रयोगशाळांना ती तपासणी करणे अवघड झाले. अखेर जून २०१३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निसर्गात आहे तसा डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून त्यावर पेटंट मिळू शकत नाही.

हा वाद आपल्याला परका वाटू नये. हळदीने जखम भरते यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. आपल्या गोव्यात माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन त्या पेटंटाला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आजीच्या बटव्यातली हळद आणि पेशीतले जनुक, दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: जे सगळ्यांचे आहे त्यावर आधी नोंद करणाऱ्याने कुलूप लावावे काय?

शेवटचे पान

२००२ साली ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ६ मार्च २०१८ रोजी सल्स्टनचे निधन झाले. त्याच्या वंशावळीवर पुढची पिढी अजून काम करते आहे. हॉर्विट्झच्या प्रयोगशाळेत उमेदवारी केलेल्या व्हिक्टर ॲम्ब्रॉस आणि गॅरी रुव्हकन यांना काही विचित्र कृमी भेटले होते. त्यांच्या पेशी लहानपणीचेच विभाजन पुन्हा पुन्हा गिरवत होत्या. ‘लहानपणीचेच’ हे कळले, कारण मूळ क्रम वहीत लिहिलेला होता. त्या कोड्यातून जनुकांना लगाम घालणारे सूक्ष्म आरएनए सापडले आणि २०२४चे नोबेल त्या दोघांना मिळाले.

ही वही आजही उघडी आहे. कृमीचा सबंध जनुकसंच आणि पेशींची वंशावळ संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच कृमीच्या चेतापेशींवर काम चालते. उद्या बेळगावच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या महाविद्यालयातल्या तुमच्या नातीला यात रस वाटला, तर तिला कोणाची परवानगी काढावी लागणार नाही. दीड वर्ष एका खोलीत बसून एका माणसाने काढलेली ती नोंद तिचीही आहे.

आणि आज घरी गेल्यावर कपाटातला तो कुलवृत्तांत जरा खाली काढा. कोऱ्या जागांपैकी एखादी तरी भरता येईल. आजीची नावे, तिच्या बहिणींची नावे ठाऊक असलेले कोणी अजून असेल, तर त्यांना विचारून लिहून ठेवा. मग त्याच्या प्रती काढून भावंडांना वाटा. एकाच्याच कपाटात राहिलेल्या वहीला वाळवी लागायला वेळ लागत नाही.